स्वयंपाकघराचं संग्रहालय उभारताय? भांडी घासायला घेण्याआधी हे वाचा

गावच्या शाळेत, वाड्याच्या ओसरीवर, कृषी पर्यटन केंद्रात किंवा देवस्थानच्या भक्तनिवासात 'जुन्या स्वयंपाकघराचं दालन' करायचं ठरतं, तेव्हा कामाचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आवाहन होतं, माळ्यांवरून भांडी उतरतात, एका रविवारी सगळे मिळून चिंच-मीठ लावून ती लखलखीत करतात आणि फीत कापली जाते. सहा महिन्यांनी एखादी पाहुणी विचारते, 'हे घंगाळ कुणाकडचं?' तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात.

हा क्रम उलटा आहे. भांडं शंभर वर्षं टिकतं, पण त्याची माहिती ते घराबाहेर पडल्यावर आठवड्याभरात विरायला लागते. म्हणून खालच्या टप्प्यांत नोंद आधी येते, सफाई बरीच नंतर आणि मांडणी जवळजवळ शेवटी. टप्पे मागेपुढे करू नका. नोंद आणि सफाई या दोन टप्प्यांवर जास्त लिहिलंय, कारण भरून न येणारं नुकसान तिथेच होतं.

## टप्पा १ : हद्द आखून घ्या

'महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती' हा विषय एका खोलीत मावत नाही. तो घेतलात की दालन भंगाराच्या दुकानासारखं दिसायला लागतं. एकच प्रक्रिया किंवा एकच जागा निवडा. खानदेशात असाल तर खापर आणि त्यावरचे पुरणाचे मांडे. सोलापूरकडे ज्वारी, कणगीपासून भाकरीपर्यंत. कोकणात भात, खळ्यापासून पेजेपर्यंत. मुंबईच्या गिरणगावात एखादी खाणावळ, तिची महिन्याच्या हिशेबाची वही आणि ताटं.

हद्द एका वाक्यात लिहा आणि भिंतीवर चिकटवा. उदाहरणार्थ: 'आमच्या गावात गॅस येण्याआधी दूध, ताक, लोणी, तूप कसं होत असे.' या वाक्यात न बसणारी वस्तू कितीही सुंदर असली तरी नम्रपणे परत करायची. दारात आलेल्या समईला नाही म्हणणं अवघड जातं, पण म्हणावं लागतं.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर ठरवा, नंतर ती सुधारत नाही. पितळ म्हणजेच वारसा, असं धरून चाललात तर दालनात फक्त सधन घरांची स्वयंपाकघरं दिसतील. ज्या घरात दोन मातीची गाडगी आणि एक लाकडी काठवट होती, त्या घराचं काय? १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खाल्लेली मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि रोजगाराच्या कामावर मिळालेली सुकडी (कोरडं पौष्टिक पीठ) हाही या मातीच्या खाण्याचाच भाग आहे. त्या काळचं रेशनकार्ड आणि पोचे पडलेली ॲल्युमिनियमची थाळी कुणी हौसेनं आणून देत नाही. ती मागायला तुम्हालाच जावं लागतं.

तपासा: ज्या वस्त्यांमधून वस्तू आणणार त्यांची यादी करा. गावातली एकही वस्ती यादीबाहेर राहिली असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : जागा

जागा निवडताना सौंदर्य शेवटी बघा. आधी एक अख्खा पावसाळा त्या खोलीत ओल कुठे येते ते बघा. तेवढा वेळ नसेल तर भिंतींच्या तळाशी पोपडे, मिठासारखा पांढरा थर आणि वाळवीच्या मातीच्या नळ्या शोधा. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र बाजारात सहज मिळतं. ते आणून खोलीत ठेवा आणि सकाळ-दुपार आकडा वहीत लिहा. ६५ टक्क्यांच्या वर आकडा दिवसेंदिवस राहत असेल तर बुरशीचा धोका आहे.

चालू स्वयंपाकघराला लागून दालन करू नका. फोडणीच्या वाफेतलं तेल प्रत्येक वस्तूवर चिकट थर बसवतं आणि त्यावर धूळ बसली की ती निघत नाही.

मांडणीच्या जागेइतकीच, शक्य तर जास्त जागा साठवणीला ठेवा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे २०,००० वस्तू आहेत आणि त्यातल्या २,५०० च्या आसपासच मांडलेल्या आहेत. सगळंच मांडायची घाई छोट्या दालनाला महागात पडते: वस्तू एकमेकींवर आपटतात, झाडता येत नाही आणि बघणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही.

## टप्पा ३ : वस्तू घेताना कागद करा

'असू दे हो, तुमच्याकडेच राहू दे' हे वाक्य म्हणजे देणगी नव्हे. दहा वर्षांनी त्याच घरातला दुसरा वारस येऊन हंडा मागतो आणि तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं. एका पानाचं दानपत्र पुरतं: देणाऱ्याचं नाव, वस्तूचं वर्णन, 'ही वस्तू माझ्या मालकीची असून मी ती कायमची देत आहे' हे वाक्य, दोन्हीकडच्या सह्या, तारीख. घरात भाऊबंद असतील तर निदान एकाची साक्षीदार म्हणून सही घ्या. वस्तू उसनी असेल तर परत करण्याची तारीख लिहा. 'बेमुदत उसनी' असा प्रकार ठेवूच नका.

भांड्यावर घातलेलं नाव इथेच वाचा. त्यावर 'श्री अमुक देवस्थान', 'समस्त गावकरी' किंवा एखाद्या समाजाचं नाव असेल, तर ते भांडं कधीकाळी पंगतीसाठी घरी नेलेलं आणि परत न गेलेलं असू शकतं. देणारा प्रामाणिक असला तरी मालक तो नाही. त्या संस्थेचा लेखी ठराव घेतल्याशिवाय अशी वस्तू दालनात आणू नका. गावातली अर्धी भांडणं यावरून होतात.

इशारा: जमीन खणताना सापडलेला हंडा किंवा त्यातला ऐवज थेट दालनात ठेवता येत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

इशारा: हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची मूठ असलेली सुरी वा अडकित्ता घेण्याआधी वन विभागाकडे विचारा. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना त्याच वर्षीचा पुरावशेष कायदा लागतो, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाला असं एखादं भांडं 'आठवण म्हणून' देऊन टाकणं तुमच्या हातात नाही.

## टप्पा ४ : नोंद

इथे घाई नको. दिवसाला पाच-सहा वस्तूंची नोंद झाली तरी पुष्कळ.

क्रमांक. तीन भागांचा क्रमांक सोपा पडतो: वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी आणि त्या देणगीतली कितवी वस्तू. म्हणजे २०२५/७/३. सुट्या भागांना अक्षरं जोडा. जातं असेल तर वरची तळी अ, खालची तळी आ, खुंटा इ. डब्याचं झाकणही असंच. हे केलं नाही तर वर्षभरात एका जात्याची तळी दुसऱ्यावर बसलेली सापडते.

वही. संगणकावर यादी जरूर करा, पण मूळ नोंद बांधीव वहीत, न पुसणाऱ्या शाईने. रकाने असे:

– क्रमांक, तारीख, देणाऱ्याचं नाव व गाव
– देणगी, उसनी की खरेदी
– देणाऱ्याच्या तोंडी असलेलं वस्तूचं नाव
– कशाची आहे
– उंची, तोंडाचा व्यास, वजन
– आजची अवस्था: भेग, पोचा, डाग, जोड
– वस्तूवरचा मजकूर
– कोण वापरत असे, कशासाठी, शेवटचा वापर कधी
– सध्या कुठे ठेवली आहे (हा एकच रकाना पेन्सिलीने, कारण तो बदलतो)

कशाची आहे हे कानावर विसंबून लिहू नका. 'जर्मनचं पातेलं' म्हणून आलेलं भांडं बहुधा ॲल्युमिनियमचं असतं. पितळ आणि कासं रंगावरून ओळखायला गेलात तर चुकाल. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, काशात कथील. काशाच्या वाटीवर हलकी टिचकी मारली की नाद लांबतो. तरीही खात्री नसेल तर 'पिवळा धातू' एवढंच लिहा. चुकीच्या खात्रीपेक्षा ते परवडतं.

भांड्यावरचं नाव. भांड्यांवर नावं घालण्याची आपली रीत नोंद करणाऱ्याला फार उपयोगी पडते, पण ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली ती अक्षरं घासून घासून बुजलेली असतात. वाचण्यासाठी खोली अंधारी करा, बॅटरी भांड्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि हळूहळू भोवती फिरवा. एका कोनात काहीच दिसत नाही, दुसऱ्यात अचानक अख्खी ओळ उठून येते: आडनावाचं आद्याक्षर, गाव, 'लग्नानिमित्त', 'स्मरणार्थ', साल. त्याच क्षणी फोटो घ्या. अक्षरं उठावीत म्हणून त्यात खडू, पीठ किंवा कुंकू भरू नका. ठिपक्यांच्या खळग्यात गेलेली पूड निघत नाही आणि पावसाळ्यात ओल धरते.

साल वाचताना सर्वांत मोठी चूक होते. भांड्यावर '१८५०' दिसलं की पाटीवर 'पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं' असं लिहून लोक मोकळे होतात. ते शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे, म्हणजे १९२८. मिती पौषाच्या उत्तरार्धातली, माघातली किंवा फाल्गुनातली असेल तर ७९ मिळवा. गुजराती कुटुंबातून आलेल्या भांड्यावर विक्रम संवत असू शकतं. त्यातून ५७ किंवा ५६ वजा करावे लागतात. वहीत आधी भांड्यावर आहे तसंच लिहा आणि आकडेमोड शेजारी वेगळी करा.

मापं. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं यांचा संच बहुतेक ठिकाणी येतो. चार शेरांची पायली हे कोष्टक सगळ्यांना पाठ असतं, पण गावागणिक पायली लहानमोठी असे. पाटीवर कोष्टक छापण्याऐवजी तुमच्याकडचं माप प्रत्यक्ष मोजा. कोरडे तांदूळ सपाट भरा, काढून वजन करा. मग शीग लावून भरा आणि पुन्हा वजन करा. दोन्ही आकडे लिहा. घेणाऱ्या-देणाऱ्यातला वाद कुठे होत असेल ते त्या दोन आकड्यांच्या फरकातच दिसतं. पाण्याने मोजू नका: लाकडी माप फुगतं, लोखंडी पट्टी गंजते.

फोटो. चारही बाजू, वरून, तळ आणि नुकसानीचा जवळून एक. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी. तळाचा फोटो लोक हमखास विसरतात. चुलीवरची काजळी, राखेचा लेप, कासाराने लावलेला जोड, सगळं तळाशीच असतं.

क्रमांक वस्तूवर. चिकटपट्टी, परमनंट मार्कर, नेलपॉलिश यातलं काहीही नको. संग्रहालयात पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर लावून त्यावर शाईने क्रमांक लिहितात आणि वरून पुन्हा थर देतात. तो ॲसिटोनने पुन्हा काढता येतो. ते जमत नसेल तर सुती नाडीला जाड कागदाची चिठ्ठी बांधून ती कडीला किंवा गळ्याला अडकवा. सूप, रोवळी, शिंकाळं आणि टोपल्यांना चिठ्ठीच बरी. तारेने बांधू नका.

तपासा: नोंद न केलेल्या व्यक्तीला फक्त वही द्या आणि वस्तू शोधायला सांगा. दोन मिनिटांत सापडली नाही तर वर्णन अपुरं आहे.

## टप्पा ५ : माणसांकडून ऐकून घ्या

वस्तू देणाऱ्याने ती वापरलेली असेलच असं नाही. वापरणारी बहुतेक वेळा घरातली म्हातारी असते आणि दानपत्रावर सही करतो तिचा मुलगा. तुम्हाला भेटायचंय ते आजींना.

रेसिपी विचारू नका. रेसिपी विचारली की आजी पुस्तकातल्यासारखं सांगायला लागतात. हाताबद्दल विचारा: 'आजी, लोणी आलं हे तुम्हाला कशावरून कळायचं?' 'रवीचा आवाज बदलतो का?' 'उन्हाळ्यात पाणी केव्हा घालायचं?' 'हे काम घरात कोण कधीच करत नसे?' शेवटच्या प्रश्नातून बाकीच्यांपेक्षा जास्त कळतं.

शक्य असेल तर त्यांना ते करू द्या आणि चित्रीकरण करा. कॅमेरा चेहऱ्यावर कमी, हातांवर जास्त. प्रमाण हवं असेल तर त्यांचा हात धरून कपात ओतायला लावू नका, अंदाज तिथेच मोडतो. त्याऐवजी पिठाचा, तिखटाचा, मिठाचा डबा काट्यावर ठेवा. त्यांनी मूठ घेतली की आकडा किती उतरला तो बाजूला लिहा. त्यांना थांबावंही लागत नाही आणि तुम्हाला ग्रॅममध्ये आकडा मिळतो.

दळताना ओवी सुचली तर दळण्याच्या आवाजासकट घ्या. स्टुडिओत पुन्हा गाऊन घेण्याचा मोह टाळा.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्यांच्याच आवाजात परवानगी हवी: नाव सांगायचं की नाही, दालनात ऐकवायचं की नाही, इंटरनेटवर टाकायचं की नाही. तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळी उत्तरं. काही गोष्टी घरापुरत्या असतात, तशा नोंदवा आणि बंद ठेवा. फाइलला वस्तूचाच क्रमांक द्या आणि तीन प्रती करा, त्यातली एक गावाबाहेर.

नेहमीची चूक: पाटीवर 'अमुक घराण्याकडून' लिहिणं. ज्या बाईने माहिती दिली तिचं नाव, तिची हरकत नसेल तर, तिच्याच नावाने लिहा.

## टप्पा ६ : सफाई, आणि ती केव्हा करायची नाही

आता कुठे भांड्याला हात लावायचा. नियम एकच आहे: पुन्हा पूर्ववत करता येणार नाही असं काही करायचं नाही. काजळी, तेलाचा थर, झिजलेली कड, विरलेली कल्हई हे मळ नव्हेत. वस्तू काय काम करत होती ते सांगणारा पुरावा तोच.

सगळ्या वस्तूंना चालणारी सफाई एवढीच: मऊ ब्रशने धूळ सैल करायची आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून ती ओढून घ्यायची. मच्छरदाणी अशासाठी की सुटा खिळा किंवा बांबूची काडी आत जाऊ नये. उचलताना कडी किंवा दांड्याला धरू नका. एक हात तळाखाली, एक बाजूला. धातूसाठी नायट्राइलचे हातमोजे घाला, घामाच्या बोटांचे ठसे पितळेवर कायमचे उमटतात.

पितळ, तांबं, कासं. चिंच, लिंबू, ताक, बाजारातली पावडर, काहीही नको. आंबटाने पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि भांड्यावर गुलाबी-तांबूस डाग राहतात. ते पुन्हा पिवळे होत नाहीत. त्यात मीठ घातलं की क्लोराइड बारीक भेगांत शिरतं आणि वर्षभर आतून काम करत राहतं. काळपट तपकिरी झिलई तशीच राहू द्या, तीच धातूचं रक्षण करते. गडद, घट्ट बसलेला हिरवा थरही बहुतेक वेळा स्थिर असतो. काळजी करायची ती फिकट हिरव्या, पिठासारख्या, बोट लावलं की निघणाऱ्या ठिपक्यांची. मीठ-लोणच्याची भांडी आणि समुद्राकाठच्या घरांतली भांडी यात हे दिसतं. असं भांडं बाजूला काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर (ओल शोषणारे दाणे) कोरडं ठेवा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा.

दालनातल्या भांड्याला नव्याने कल्हई करू नका. जुनी कल्हई कुठे गेली, कुठे राहिली यावरून पळी कुठे घासत होती ते कळतं. कल्हईचं प्रात्यक्षिक दाखवायची हौस असेल तर बाजारातून नवं पातेलं आणा.

लोखंड. तवा, कढई, विळीचं पातं, सांडशी. सुटा गंज कोरड्या ब्रशने काढा आणि तिथेच थांबा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल चोळू नका. ते खवट होतं, चिकटतं, धूळ आणि झुरळं ओढतं. मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिळालं तर त्याचा पातळ हात पुरतो. विळीच्या पात्याला पारदर्शक आवरण घालून ठेवा. मुलं हात लावणारच.

लाकूड. काठवट, पोळपाट, रवी, उखळ. पाण्याने धुवू नका, पॉलिश लावू नका, व्हार्निश तर नाहीच. काठवटीतला पिठाचा वाळलेला थर मात्र कीड ओढतो. तो बांबूच्या चपट्या काडीने हलकेच खरवडा, आणि थोडा थर एका डबीत क्रमांक घालून ठेवून द्या. उद्या कुणी अभ्यासक ते पीठ कोणत्या धान्याचं होतं हे सांगू शकेल.

दगड. पाटा-वरवंटा आणि जातं धुता येतं, पण फक्त साध्या पाण्याने, ॲसिड न लावता. जात्याला नव्याने टाकी लावून (छिन्नीने टोचून) घेऊ नका. झिजलेले टाके किती दळण झालं ते सांगतात.

माती आणि चिनी माती. बरण्यांच्या बाहेर पांढरं मीठ फुटलेलं दिसलं तर वारंवार पुसू नका, आधी ओल थांबवा. तुटलेला तुकडा फेव्हिक्विकने जोडू नका. तुकडे क्रमांक घालून एका डब्यात ठेवा. न जोडलेली बरणी नंतर नीट जोडता येते, वाकडी जोडलेली नाही.

तपासा: सफाईआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवा. फरक चटकन डोळ्यात भरत असेल तर तुम्ही जास्त घासलंय.

## टप्पा ७ : कीड आणि साठवण

लाकूड, बांबू, धान्य, दोर दालनात येण्याआधी वेगळ्या खोलीत किंवा निदान बंद प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन आठवडे ठेवा. पिशवीच्या तळाशी पिठासारखा भुसा पडला म्हणजे किडे जिवंत आहेत. छोट्या वस्तूंसाठी डीप फ्रीझर चालतो: पिशवी घट्ट बंद करून उणे १८ ते २० अंशांत दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर दव वस्तूवर बसतं. रंगवलेल्या, लाखकाम केलेल्या किंवा भेगाळलेल्या वस्तूंना हा उपाय नको.

डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांचा वास बंद खोलीत माणसांना बाधतो. कडुनिंबाचा पाला हा घरगुती उपाय इथे नडतो, पाला वाळला की त्यालाच कीड लागते. चिकट सापळे कोपऱ्यांत लावा आणि महिन्यातून एकदा कोणते किडे अडकले ते लिहा.

वस्तू जमिनीपासून वीतभर उंच घडवंचीवर आणि भिंतीपासून दूर ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबर लावू नका, एकात एक भांडी रचू नका. नवं प्लायवूडचं कपाट रंग आणि डिंकाचा वास पूर्ण जाईपर्यंत उघडं ठेवा. त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा धातू खातात.

## टप्पा ८ : मांडणी आणि पाट्या

सगळे तांबे एका फळीवर, सगळ्या पळ्या दुसरीवर, ही मांडणी दुकानात शोभते. दालनात कामाच्या क्रमाने लावा. ताकाचंच बघा: विरजणाचं भांडं, डेरा, रवी आणि घुसळखांब, लोण्याचं भांडं, कढवायची कढई, तुपाची बरणी, आणि मांजराच्या नजरेतून सगळं वाचवणारं शिंकाळं वर. माणूस डावीकडून उजवीकडे गेला की दुधाचं तूप झालेलं असतं. घुसळखांब दोरीसकट बांधलेला दाखवा. नुसती टेकवून ठेवलेली रवी शहरातल्या मुलांना काठी वाटते.

टोपल्या, कापड, कागद यांच्यावर प्रकाश मंद हवा, ५० लक्सच्या आसपास (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक). धातू-दगडाला जास्त चालतो. खिडकीतलं ऊन थेट कशावरच नको.

पाट्या लोक शेवटच्या रात्री लिहितात आणि तशाच दिसतात. अशी एक पाटी:

*'रवी. ताक घुसळण्याचे प्राचीन साधन. अत्यंत दुर्मीळ.'*

प्राचीन म्हणजे कधीचं? दुर्मीळ कुणासाठी? पाहणाऱ्याने कुठे बघायचं? तीच पाटी अशी लिहा:

*'रवी. लाकूड. दांड्याभोवती दोरी गुंडाळून तिची दोन टोकं आळीपाळीने ओढली की रवी गरगर फिरते. दांड्याच्या मधोमध दोरीने पडलेले घासे पाहा. डाव्या बाजूचा जास्त खोल आहे.'*

वाचणारा खाली वाकून घासा शोधतो. पाटी चाळीस-पन्नास शब्दांची, अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको, आणि काचेच्या मागे नको, कारण प्रतिबिंबात वाचता येत नाही. देणाऱ्याच्या तोंडचं नाव ठळक आणि प्रमाण मराठीतलं वेगळं असेल तर ते खाली. 'हात लावू नका' असं दहा ठिकाणी लिहिण्यापेक्षा एक जातं फिरवायला मोकळं ठेवा. त्याला क्रमांक द्यायचा नाही, ते झिजणारच.

इशारा: ताटात खरा पदार्थ ठेवू नका, वाळवलेलाही नाही. एका नमुन्याच्या लाडवामागे मुंग्या, मुंग्यांमागे पाली, आणि महिन्याभरात टोपल्यांना कीड. नमुने प्लॅस्टर किंवा रेझिनचे करा. धान्य दाखवायचंच असेल तर टप्पा ७ मधल्या पद्धतीने गोठवून मेणबंद बाटलीत.

## टप्पा ९ : चव द्यायची असेल तर

खाण्याच्या दालनात काहीच खायला नाही, ही तक्रार येतेच. द्या, पण दुसऱ्या खोलीत, वेगळ्या दाराने आणि एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी करून. दालनातलं भांडं पंगतीत कधीही आणू नका. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ताक, सोलकढी, चिंचेचं सार ठेवलं की तांबं उतरतं. जुन्या बरण्यांच्या झिलईत आणि स्वस्त कल्हईत शिसं असू शकतं. पाहुण्यांना 'खऱ्या जुन्या भांड्यात' खाऊ घालण्याचा आग्रह अध्यक्षांनी धरला तरी नाही म्हणा.

## टप्पा १० : वर्षभर

मेच्या अखेरीस छप्पर, पन्हळी, खिडक्यांच्या फटी बघा आणि भिंतीजवळच्या टोपल्या आत घ्या. जून ते सप्टेंबर आर्द्रतेचा आकडा रोज, सापळे दर पंधरा दिवसांनी. पाऊस चालू असताना 'हवा खेळती राहावी' म्हणून खिडक्या सताड उघडू नका, कोरड्या दुपारीच उघडा. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात खोली उघडा, वस्तू मात्र उन्हात काढू नका. लाकडाला त्यानेच भेगा पडतात.

वर्षातून एकदा मोजदाद, दोन्ही बाजूंनी. वहीतले वीस क्रमांक कुठलेही निवडा आणि वस्तू शोधा. मग फळीवरच्या वीस वस्तू उचला आणि त्यांची नोंद शोधा. पहिल्यात हरवलेलं कळतं, दुसऱ्यात नोंद न करता कुणीतरी परस्पर आणून ठेवलेलं. एखादी वस्तू सापडलीच नाही तर शेजारी तारखेनिशी 'मिळाली नाही' असं लिहून सही करा. क्रमांक खोडू नका आणि तो दुसऱ्या वस्तूलाही देऊ नका.